संकेतस्थळाला माणूस लागतो

आमच्या कॉलेजात राजीनामा देणं सोपं आहे. साध्या कागदावर चार ओळी लिहायच्या, आवक रजिस्टरला नोंद करायची, झालं. अवघड आहे ते आपले कागद परत मिळवणं. नोकरीला लागतानाच दहावीपासून पदवीपर्यंतच्या सगळ्या मूळ गुणपत्रिका कार्यालयात जमा करून घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे. कुठल्याही नियमात ती लिहिलेली नाही. पण विचारायची कुणाची हिंमत होत नाही, कारण बाहेर बाकावर पुढचा उमेदवार बसलेलाच असतो. माझे कागद पाच वर्षांपूर्वी मुख्य लिपिक बाबूरावांनी खाकी पाकिटात घातले, वर लिहिलं, 'शिवलीला, संगणक प्रयोगशाळा सहायक, कंत्राटी', आणि पाकीट लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग मला म्हणाले, "आता तू घरची झालीस, पोरी."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. मूर्ख होते, दुसरं काय.

गेल्या महिन्यात हैदराबादच्या एका कंपनीत मला नोकरी लागली. आमच्या मुरुमकडच्या माणसाला हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ. उमरग्याला हायवेवर उभं राहिलं की पाच-सहा तासांत माणूस तिकडे. रुजू व्हायची तारीख त्यांनी माझ्या विनंतीवरून एकदा पुढे ढकलली. आता सोमवार शेवटचा. सोमवारी सकाळी मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, झेरॉक्स चालणार नाही, हे त्यांनी दोनदा कळवलं.

मूळ कागद कपाटात. दुय्यम प्रती काढाव्यात तर त्यासाठी कागद हरवल्याची पोलिसांत नोंद लागते, आणि माझे कागद हरवलेले नव्हते. ते कुठे आहेत हे मला चांगलं माहीत होतं.

आमचे प्राचार्य कृष्णराज सर कधी ओरडत नाहीत. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. मी राजीनामा ठेवला तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, "जा की तुम्ही. अडवलंय कुणी? आम्हाला आनंदच आहे. फक्त वेबसाइटची सोय लावून जा. तुमच्या मागे ती चालली पाहिजे. ती चालली की बाबूराव कागद देतील."

म्हणजे अडवलं होतं.

आणि ज्या वेबसाइटसाठी अडवलं होतं ती मीच बनवलेली. त्यामुळे शिव्या द्यायच्या तर कुणाला, हाही प्रश्नच होता.

चार वर्षांपूर्वी कॉलेजची वेबसाइट सगळीकडे असते तशी होती. लॉगिन करायचं, समोरच्या चौकटीत मजकूर टाकायचा, बटण दाबायचं, मजकूर जगाला दिसायला लागतो. कुणालाही जमेल असं. कॉलेजातल्या सात जणांना ते जमत होतं आणि सातही जणांना मिळून एकच पासवर्ड होता, कॉलेजचं नाव आणि पुढे स्थापनेचं साल. आपण रजेवर असलो तरी काम अडू नये म्हणून बाबूरावांनी तो हजेरीपटाच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला होता. प्रणाली अद्ययावत करायची असते, हे कुणाच्या गावीही नव्हतं. तपासणी समिती यायच्या आदल्या आठवड्यात सरांनी वेबसाइट उघडली, तर संस्थापकांच्या हार घातलेल्या फोटोखाली पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात. हलणारी. संस्थापकांच्या पायाशी बदामाची राणी डोळा मारत होती.

मी सहा दिवसांत सगळं मोडून नवीन उभं केलं, आणि वेगळ्या पद्धतीने केलं. जुन्या पद्धतीत कुणी पान मागितलं की सर्व्हर त्याच वेळी डेटाबेसमधून मजकूर काढून पान तयार करतो. खानावळ असते तशी, मागितलं की गरम. त्यासाठी चूल कायम पेटती ठेवावी लागते आणि स्वयंपाकघराचं दार उघडं. मी वापरली ती स्टॅटिक पद्धत म्हणजे आपली कडक भाकरी. सगळी पानं आधीच भाजून रचून ठेवायची, कुणी मागितलं की उचलून द्यायची. तिथे ना डेटाबेस, ना लॉगिन. चोराने शिरावं तरी कशातून? फक्त भाजायचं काम एका जागी होतं, आणि ती जागा म्हणजे माझा लॅपटॉप. साध्या फाइलीत मजकूर लिहायचा, वरच्या चार ओळींत शीर्षक, तारीख, विभाग ठरल्या साच्यात द्यायचे, मग काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करायची. दोन-तीन सेकंदांत चारशे पानं तयार. ती वर चढवली की काम संपलं.

समितीने वेबसाइटचं कौतुक केलं. सरांनी स्टाफरूममध्ये माझं नाव घेतलं. आमच्याकडे कंत्राटी माणसाला नुसत्या नावाने हाक मारतात, त्या दिवसापासून मी शिवलीला मॅडम झाले.

मॅडम होण्याचा अर्थ मला पुढे कळला. आमच्याकडे नोटीस आधी कागदावर जन्मते. बाबूराव ती टाइप करणार, तिला जावक क्रमांक पडणार, सर हिरव्या शाईने सही करणार, शिक्का बसणार, मग तो कागद स्कॅन होऊन माझ्याकडे येणार. नोटिशीत एक आकडा चुकला तरी नवीन जावक क्रमांक, नवीन सही, नवीन शिक्का, आणि पुन्हा मी. संचालकांचे वाढदिवस, कुणाच्या आईला श्रद्धांजली, परीक्षेचं वेळापत्रक, वेळापत्रकातला बदल, बदलातली दुरुस्ती. पूर्वी सात जण करायचे ते सगळं आता एका लॅपटॉपमधून जायला लागलं. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात लोक अक्षता टाकत होते तेव्हा मी मांडवामागे विटांच्या ढिगावर बसून 'प्रात्यक्षिक परीक्षेबाबत' चढवत होते. मला टायफॉइड झाला तेव्हा शिपाई कागद घेऊन घरी आला आणि आमच्या अव्वाने, म्हणजे आईने, त्याला लिंबू सरबत दिलं.

आणि तरीही खरं सांगते, मला ते आवडत होतं. आपल्यावाचून अडतंय, ही फार गोड गोष्ट असते.

दोन वर्षांपूर्वी बाबूराव आपण होऊन माझ्याकडे आले. "मॅडम, मलाबी दावा की ते," म्हणाले. "तुमी दर येळी कुठं पळणार?" छप्पन्न वर्षांचा माणूस. वही घेऊन माझ्या लॅपटॉपपुढे बसला. आठ दिवसांत साचा शिकला, काळी खिडकी शिकला. पहिली नोटीस त्यांनी स्वतः चढवली ती शिष्यवृत्तीच्या अर्जांची. वर तारखेच्या ओळीत त्यांनी अर्जाची शेवटची तारीख टाकली. जावक रजिस्टर लिहिण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यात नोटिशीची तारीख वेगळ्या रकान्यात आपोआप पडलेली असते. इथे तारीख एकदाच विचारली, तर त्यांना वाटलं, मुलांना जी लागते तीच विचारत असणार. पण ज्या पानाची तारीख अजून उगवलेली नाही, ते पान ही पद्धत बनवतच नाही. गप्प बसते. चूकही दाखवत नाही. नोटीस चढली असं बाबूराव समजले आणि ती कुणालाच दिसली नाही. मुदत संपली तेव्हा अठ्ठावीस मुलांचे अर्ज राहिलेले. सरांनी धाराशिवला हेलपाटे घालून मुदत वाढवून आणली, तोवर सात मुलं दुसरीकडे कामाला निघून गेली होती.

पुढच्या तारखेचं मला माहीत होतं. बाबूरावांना सांगायचं राहिलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. राहिलं नव्हतं. तीनदा ओठांवर आलं होतं आणि तिन्ही वेळा मी म्हटलं, सांगू नंतर. ते सगळंच शिकले तर मग मी कोण, असा विचार डोक्यात होता. मुलांचं काही होईल, एवढा लांबचा विचार नव्हता. माझी लाज मला त्या सात नावांसकट पाठ आहे.

सरांनी त्यावर लेखी आदेश काढला. 'संकेतस्थळास शिवलीला मॅडम यांच्याव्यतिरिक्त कोणीही हात लावू नये.' त्याची एक प्रत मी घरी नेऊन वडिलांना, आमच्या अप्पांना, दाखवली होती. बाजारात शिवणकाम करणारा माणूस, त्याने ती दोनदा वाचली आणि मशीनच्या खणात जपून ठेवली. बाबूरावांनी त्यानंतर कधी वही काढली नाही. मला काही बोललेही नाहीत.

तर असं. आता मी निघाले होते आणि माझ्याच नावाचा आदेश माझ्या आडवा आला होता.

राजीनाम्यानंतर सरांनी माझ्या जागी दीपमाला नावाची मुलगी आणली. शेजारच्या गावची, तेवीस वर्षांची, कॉम्प्युटरची पदवी झालेली. तिला कंत्राटाचा कागद मी गेल्यावरच मिळणार होता, तोपर्यंत नुसतं शिकायचं. पहिल्याच दिवशी मी तिला पुढच्या तारखेची गोष्ट सांगितली, सगळ्यात आधी, पाणी पिऊ न देता. ती हुशार निघाली. तिसऱ्या दिवशी मला विचारायला लागली ते प्रश्न मी वर्षभराने विचारले होते.

पण तिच्यावर सगळं सोडून मला चालणार नव्हतं. ती कच्ची ठरली तर सर मला सोडणार नाहीत, ही धास्ती होती. घरी अप्पा म्हणायचे, "कागद त्येंच्याकडं हायेत, बाळ. भांडून न्हाय मिळायचे. गोड बोल." मी किती गोड बोलू? दोन आठवडे गोड बोलून माझे दात किडायची वेळ आली होती. तेव्हा मी आणखी एक काम हाती घेतलं. चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं असं काम.

स्टॅटिक वेबसाइटच्या पुढे एक साधा फॉर्म जोडता येतो. शीर्षक लिहा, स्कॅन केलेला कागद जोडा, 'प्रसिद्ध करा' हे बटण दाबा. साचा तो फॉर्म स्वतः भरतो, नोटिशीची तारीख आजची टाकतो, शेवटच्या तारखेला वेगळा रकाना देतो, पानं भाजून वर चढवतो. लॉगिन प्रत्येकाचं वेगळं, आणि वेबसाइट जिथे ठेवली आहे तिथे चोराला शिरायला काहीच नाही. म्हणजे जुन्या पद्धतीचा सोपेपणा आणि नव्याची मजबुती, दोन्ही. मी चार दिवसांत तो जमवला. तारखेच्या रकान्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. बाबूरावांचीच चूक मुद्दाम पुन्हा पुन्हा करून पाहिली आणि दर वेळी नोटीस नीट दिसली.

गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं तेव्हा मी तो दीपमालाला दाखवला. मला वाटलं, ही आता नाचेल.

तिने एक नोटीस टाकून पाहिली. बटण दाबलं. पान आलं. तिने पुन्हा एकदा बटण दाबलं.

"म्हंजे हे बाबूराव काकांनाबी जमंल?"

"बाबूरावांना काय, शिपायालाबी जमंल," मी म्हणाले. फुशारकीच होती ती.

"मग ताई, मला कशाला ठेवतेत?"

एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी माझ्या सुटकेचं बघत होते.

ती खुर्ची सरकवून माझ्याकडे वळली. रडली वगैरे नाही. सरळ बोलली. "ताई, नोकरी लागली म्हणून बाबांनी पावणे थांबवलेत. उन्हाळ्यात दोन स्थळं येऊन गेली. तिसरं परवा यायलालतं, त्येंना नोकरीवाली नको. बाबा म्हणले, पोरगी कॉलेजात लागलीय. तेच माघारी गेले. ही नोकरी गेली की पुढच्या आठवड्यात मला साडी नेसवून बसिवतेत. तुमी सोपं नका करू. अवघड हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

"अगं, अवघड ठेवलं की तुला सुट्टी न्हाय, सण न्हाय. आजारी पडलीस तरी कागद घरी येतो. मी चार वर्षं काढलीत."

"सुट्टी घेऊन मला जायचंय कुठं?"

"आणि कागद? सरांनी मूळ मागितले असतील. नुसत्या झेरॉक्स दे."

"मागितलेत. मला ठावं हाय ते कशापायी मागतेत." ती थोडी हसली. "न्हाय दिले तर बाकावर दुसरी बसंल. ती देईल."

मला तिचा राग आला. इतका राग आला की मी लॅपटॉप आपटून बंद केला. हिला कळत कसं नाही, असं वाटलं, आणि कळतंय सगळं, हे दिसत होतं म्हणून जास्त राग आला. दोन आठवडे मी या कॉलेजातून पाय काढायला धडपडत होते आणि ही माझ्या डोळ्यांसमोर आत येऊन कडी लावून घेत होती. आणि ती लावायला मी मदत करावी, असं तिचं म्हणणं.

शुक्रवारी संध्याकाळी वेबसाइटच्या सगळ्या फाइली कार्यालयाच्या संगणकावर हलवताना मी तो फॉर्मही तिथे ठेवला, 'जुने फोटो' नावाच्या फोल्डरमध्ये. का ठेवला ते माझं मलाच नक्की माहीत नव्हतं. दाखवायचा की नाही, हेही ठरलं नव्हतं.

शनिवारी अकरा वाजता सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. बाबूराव रजिस्टर घेऊन भिंतीशी उभे. रविवारी सकाळची उमरग्याहून गाडी होती आणि माझी बॅग घरी भरलेली होती.

सरांनी चहा मागवला. मग अगदी सहज म्हणाले, "मला एक चिंता वाटते. ही मुलगी आज आली, उद्या हिचंही कुठेतरी जमेल. मग पुन्हा तेच. मॅडम, असं काही करता येत नाही का, की बाबूरावसुद्धा करू शकतील? आमचे एक मित्र म्हणत होते, होतं तसं."

मी चहाचा कप उचलला.

"होत असेल तर सांगा. आत्ता कागद घ्या आणि जा. मग या मुलीलाही उगाच अडकवायला नको. आणि होत नसेल, तर मात्र ही पक्की तयार व्हायला हवी. प्रवेशाचा हंगाम तोंडावर आहे. दोन महिने तुम्हाला थांबावं लागेल. माझा नाइलाज आहे."

त्यांनी माझ्या हातात सुटका ठेवली होती. 'होतं, सर' एवढं म्हणायचं होतं. फॉर्म तयार होता, उघडून दाखवायला अर्धं मिनिट पुरलं असतं. बाबूरावांनी माझ्यासमोर बटण दाबलं असतं, आणि दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्यावर जे येऊ दिलं होतं तेही थोडं धुऊन निघालं असतं. दीपमालाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराजवळ उभी राहून ती आपल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. तिच्या काखेत प्लास्टिकची फाइल होती. त्यात काय आहे ते मला न बघता कळलं.

"नाही होत, सर," मी म्हणाले. "संकेतस्थळाला माणूस लागतो."

मी काही थोर नाही. तिच्यावर दया आली म्हणून म्हणाले, हे अर्धंच खरं. चार वर्षं माझी ज्यात गेली ते एका बटणात बसतं, हे त्या खोलीत कबूल करायला माझी जीभ वळली नाही, हेही तितकंच खरं. दोन्हींतलं जास्त कोणतं, ते मला आजही सांगता येत नाही. पण शब्द तोंडातून गेला. सोमवार गेला, हैदराबाद गेलं, असं वाटलं.

मग मात्र मी हट्टाला पेटले. "पण ही तयार आहे, सर. दोन महिने कशाला? आत्ता बघा. काय द्यायचं ते द्या. मी तोंड उघडणार नाही."

सरांना परीक्षा घ्यायला आवडतं. त्यांनी बाबूरावांकडून त्याच सकाळचे चार सही-शिक्क्याचे कागद घेतले आणि तिच्यासमोर ठेवले. पालक मेळावा, परीक्षेच्या केंद्रात बदल, माजी संचालकांना श्रद्धांजली, प्रवेश अर्जाची मुदत. "चारही चढवा. आणि पहिल्या पानावरून मागच्या वर्षीचं प्रवेशाचं पत्रक काढा."

आम्ही सगळे बाहेर कार्यालयात आलो आणि ती तिथल्या संगणकावर बसली. मी तिच्यामागे हात बांधून उभी. तिने चार फाइली लिहिल्या, जुनं पत्रक काढलं, काळ्या खिडकीत आज्ञा दिली, आणि खिडकी लाल अक्षरांनी भरली. सर पुढे झुकले. कुठे चुकलं ते मला दुरूनच दिसत होतं, श्रद्धांजलीच्या शीर्षकात एक अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं होतं. मी ओठ दातांखाली धरले. तिचे कान लाल झाले होते. तिने ती लाल अक्षरं एकदा वरून खाली वाचली, मग बोट ठेवून पुन्हा वाचली, ओळीचा क्रमांक शोधला, फाइल उघडली, चिन्ह दिलं. पुन्हा आज्ञा. तीन सेकंद. चारशे बारा पानं. तिने ती वर चढवली.

सरांनी आपल्या फोनवर वेबसाइट उघडली. चारही नोटिसा वाचल्या. श्रद्धांजली दोनदा वाचली. फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. बाबूराव, मॅडमचे कागद द्या. आणि हिचे जमा करून घ्या."

सर आत गेल्यावर बाबूरावांनी आधी माझ्याकडून लिहून घेतलं की कॉलेजची कोणतीही फाइल मी स्वतःजवळ ठेवलेली नाही. त्यांच्यासमोर मी लॅपटॉपवरचं सगळं पुसलं, फॉर्मसुद्धा. मग त्यांनी कपाट उघडलं, पाकिटं खालीवर केली, माझं काढलं. दहावी, बारावी, पदवीची तीन वर्षं, प्रमाणपत्र. एकेक मोजून माझ्या हातात दिलं. कागद पाच वर्षांत थोडे पिवळे पडले होते आणि त्यांना कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास लागला होता. मी ते छातीशी धरले.

"काका," मी म्हणाले, "ते शिष्यवृत्तीचं. तारखेचं मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं."

बाबूराव रजिस्टरमध्ये लिहीत राहिले. "ठावं हाय," म्हणाले. "म्या नंतर संगणकाच्या पुस्तकात वाचलं. सही कर इथं."

मी सही केली. त्यांनी नवीन खाकी पाकीट घेतलं, दीपमालाच्या फाइलीतले कागद मोजून त्यात घातले आणि वर तिचं नाव लिहिलं. ती तिकडे बघत नव्हती. संगणकापाशी बसून कामाला लागली होती.

मी तिच्या खुर्चीजवळ गेले. निदान तेवढं तरी तिला सांगून जावं असं मला वाटलं. बाबूरावांना ऐकू जाऊ नये म्हणून वाकून म्हणाले, "हे बघ. इथं 'जुने फोटो' म्हणून एक फोल्डर हाय. त्यात तो फॉर्म ठेवलाय. उद्या तुला कुठं चांगलं मिळालं, जावंसं वाटलं, की काढ आणि सरांना दाव. एका दिवसात सोडतील तुला. मला लागले तसे पंधरा दिवस लागायचे न्हाईत."

"ते म्या सकाळीच पुसलं, ताई," ती म्हणाली. "सगळीकडून. कुणाच्या हाती लागलं असतं म्हंजे."

माझ्याकडे आता त्याची प्रत नव्हती. तिने स्क्रीन जरा भिंतीकडे वळवला, डावा हात कळफलकावर आडवा धरला आणि पानं वर चढवायचा पासवर्ड बदलायला घेतला. मग तशीच हात आडवा धरून थांबली, मी बाजूला होण्याची वाट बघत.